आडवे पडणारे धरण

एकोणिसाव्या शतकात पिट्सबर्गचा कोळसा पावसाची वाट पाहत असे. खाणीतून काढलेला माल लाकडी बार्जांमध्ये भरून नदीकाठी बांधून ठेवायचा आणि आभाळाकडे बघत बसायचे, असा तो धंदा होता. ॲलेघेनी आणि मनॉन्गहेला या दोन नद्या पिट्सबर्गला एकत्र येतात आणि तिथून ओहायो नदी सुरू होते. पुढे 981 मैल वाहत जाऊन ती केरो गावापाशी मिसिसिपीला मिळते. उन्हाळ्याच्या अखेरीस तिच्या वरच्या टप्प्यात ठिकठिकाणी ढोपरभर पाणी उरे. डोंगरात पाऊस पडला, नदी चढली, की बांधलेले ताफे एकदम सुटत. सिनसिनाटी, लुईव्हिल, थेट न्यू ऑर्लीन्सपर्यंत हा कोळसा जाई. पाणी उतरायच्या आत पोचला तर नफा, नाहीतर वाळूच्या उथळ्यावर रुतून बसायचे.

यावर उपाय काय, हे यंत्रविद्येला ठाऊक होते. नदीत ओळीने बंधारे घालायचे, प्रत्येक बंधाऱ्यामागे खोल पाण्याचा साठा करायचा आणि एका साठ्यातून दुसऱ्यात बोट उतरवण्यासाठी बाजूला लॉक बांधायचे. लॉकचे तत्त्व साधे आहे. दोन्ही टोकांना दारे असलेली एक लांबट खोली. वरची झडप उघडली की वरच्या साठ्याचे पाणी आत येते आणि बोट वर चढते. खालची झडप उघडली की पाणी खाली निघून जाते आणि बोट उतरते. पंप लागत नाही, सगळे काम उतार करतो. कालव्यांवर हे शतकानुशतके चालू होते. युरोपात रूढ झालेली लॉकची दारे वरच्या प्रवाहाकडे टोक करून मिटतात आणि पाण्याच्या दाबानेच घट्ट बसतात. ती कल्पना लिओनार्दो दा विंचीच्या नावावर सांगितली जाते.

अडचण ओहायोच्या कोळसावाल्यांची होती, आणि ती रास्त होती. लॉक म्हणजे अरुंद दरवाजा. त्यांचे ताफे मात्र दहा-दहा, बारा-बारा बार्जा एकमेकींना दोरखंडांनी जखडून केलेले असत आणि एक चाकाची आगबोट तो तरंगता गठ्ठा मागून ढकलत नेई. दर लॉकला ताफा सोडा, बार्जा एकेक करून आत घाला, बाहेर पुन्हा बांधा, तोवर पुराचे पाणी ओसरून जाणार. कायमचा बंधारा नदीभर आडवा उभा राहिला तर ज्या पुराच्या जोरावर त्यांचा धंदा चाले, त्या पुरातही त्यांना लॉकच्या रांगेत उभे राहावे लागले असते. म्हणून नदी सुधारायच्या योजनेला सर्वांत जोरदार विरोध नदीवर पोट असणाऱ्यांनीच केला.

हा प्रश्न विल्यम मेरिल नावाच्या लष्करी अभियंत्याच्या वाट्याला आला. अमेरिकेत नद्यांची कामे लष्कराच्या अभियंता दलाकडे असतात. मेरिल यादवी युद्धात पूल बांधत आणि रेल्वेच्या रक्षणासाठी गढ्या उभारत हिंडलेला माणूस. 1870च्या दशकात त्याने ओहायोसाठी जी योजना मांडली, तिचे मर्म फ्रान्समधून आले होते. फ्रेंच अभियंत्यांनी तोवर चाळीसेक वर्षे एका वेगळ्याच वाटेने विचार केला होता: बंधारा कायम उभा कशाला हवा? गरज असेल तेव्हा उभा करावा, नसेल तेव्हा काढून घ्यावा.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांच्या खाचांमध्ये बरगे घालतात ते पाऊस सरल्यावर, आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढून घेतात. पुराचे पाणी खांबांमधून, पुढे खांबांवरूनही, निघून जाते. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा दरवर्षी पाण्याखाली जातो. बंधारा बुडाला म्हणजे निकामी झाला असे तिथे कुणी म्हणत नाही. फ्रान्समध्ये 1830च्या दशकात प्वारे या अभियंत्याने याच जातीचा बंधारा बांधला. तळाशी मुडपून पडणाऱ्या लोखंडी चौकटी आणि त्यांना टेकवून एकेक उभे केलेले लाकडी दांडे, अशी त्याची घडण होती. दांडे माणसांनी हातांनी काढायचे. लहान नदीला हे पुरते. पण पूर रात्री आला आणि दांडे शेकड्यांनी असले, तर माणसे पुरत नाहीत.

1850च्या दशकात शानोआन या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याने याच्या पुढची पायरी गाठली. त्याचा बंधारा सुट्या फळ्यांचा आहे. प्रत्येक फळी माणसाहून उंच, तीन-चार फूट रुंद, जाड लाकडाची. एकीला लागून दुसरी अशी ओळ नदीच्या तळातल्या दगडी बैठकीवर उभी राहते. टेबलावरच्या तसबिरीला मागून टेकू असतो, तसाच या प्रत्येक फळीला मागून, म्हणजे खालच्या प्रवाहाच्या बाजूने, लोखंडी टेकू असतो. टेकूचे खालचे टोक तळात बसवलेल्या एका ओतीव खाचेत अडकते. फळी आणि टेकू यांच्यामध्ये एक चौकट असते. तिचा पाय तळाला बिजागरीने जोडलेला, आणि माथ्यावर फळी आडव्या आसाभोवती फिरते.

कौशल्य या आसाच्या जागेत आहे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. त्यामुळे पाणी फळीच्या माथ्यापर्यंत असते, तेव्हा एकूण दाबाचा रेटा तळापासून एक-तृतीयांश उंचीवर येतो. आस त्याहून जरा वर ठेवला तर खालच्या भागावरचा रेटा जास्त पडतो आणि फळी बैठकीला टेकून उभी राहते. पाणी माथ्यावरून वाहू लागले की रेट्याचे केंद्र वर सरकते. ते आसाच्या वर गेले की फळी स्वतःच उलटते, आडवी होते आणि पाण्याला वाट देते. पुराची खबर फळीला पाण्याकडूनच मिळते. प्रत्यक्षात फळ्या अशा मनाने उलटू लागल्या तर साठा भलत्या वेळी रिकामा व्हायचा. म्हणून अभियंते आस थोडा आणखी वर ठेवत आणि पाडायचे काम माणसाच्या हाती राखत. मला यातले शहाणपण महत्त्वाचे वाटते: यंत्र आपोआप चालू शकते म्हणून ते तसे चालवलेच पाहिजे असे नाही.

फळी पाडण्यासाठी तिला क्षणभर वरच्या प्रवाहाकडे ओढतात. टेकू खाचेतून सुटतो, शेजारच्या उतरत्या चरात घसरतो आणि फळी, चौकट, टेकू, तिन्ही एकमेकांवर सपाट होऊन तळाशी झोपतात. चराची ही रचना ल्योंजवळच्या सोन नदीवर काम करणाऱ्या पास्को या अभियंत्याची. तिच्यामुळे काठावरून ओढायच्या लांबलचक लोखंडी दांड्याची कटकट गेली. फळी उभी करताना क्रम उलटा. बोटीवरून आकडा टाकून फळी वर ओढायची, टेकू खाचेत पडल्याचा आवाज ऐकायचा, मग फळीचे खालचे टोक दाबून पाण्यात द्यायचे. उरलेले काम प्रवाह करतो आणि तिला धाडकन उभी करतो. लिहायला सोपे आहे. हिवाळ्यात, बर्फाचे तुकडे वाहत असताना, वाफेच्या क्रेनच्या बोटीवरून रात्रभर अशा शेकडो फळ्या पाडणे हे फार जोखमीचे काम होते.

अमेरिकेत या फळ्या आधी बसल्या त्या कनावा नदीवर, 1880 साली. पण मेरिलचे काम मोठे होते. पिट्सबर्गच्या खाली पाचेक मैलांवर, डेव्हिस बेटापाशी, ऑगस्ट 1878 मध्ये बांधकाम सुरू झाले आणि 7 ऑक्टोबर 1885 रोजी लॉक खुले झाले. 305 फळ्या, 1,223 फूट लांबीचा बंधारा. शानोआन पद्धतीचा इतका मोठा बंधारा तोवर जगात कुठे नव्हता. फळ्यांचा एक सलग पट्टा बोटींसाठी राखला होता. नदी पुरेशी भरली की तो आडवा पाडायचा आणि ताफ्यांनी लॉककडे न बघता सरळ वरून निघून जायचे. पाणी उतरले की फळ्या उभ्या, साठा भरला आणि वाहतूक लॉकमधून. कोळसावाल्यांच्या अर्ध्या तक्रारीचे उत्तर इथेच मिळाले.

उरलेल्या अर्ध्याचे उत्तर लॉकच्या मापात होते. मेरिलने लॉक 110 फूट रुंद आणि 600 फूट लांब ठेवले. त्या वेळी ते जगातले सर्वांत मोठे होते. माप कागदावर ठरलेले नव्हते, ते बार्जांवरून आले. कोळशाची बार्ज 25-26 फूट रुंद असे. चार बार्जा शेजारी शेजारी बसल्या आणि दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक राहिली की 110 होतात. ताफा न सोडता आत जाईल, असा हा आकडा होता. पण एवढ्या रुंदीला लाकडाची दुपाखी दारे झेपणार नाहीत, अशी मेरिलची धास्ती होती. म्हणून त्याने रुळांवर सरकणारे दार केले. लॉक उघडताना अख्खे दार काठातल्या एका खोबणीत आडवे सरकत जाई. पुढे पोलादाची दुपाखी दारे आली आणि या सरकत्या दाराचा काळ संपला. रुंदीचा आकडा मात्र राहिला.

डेव्हिस बेटाच्या बंधाऱ्याने पिट्सबर्गला सहा फूट खोलीचे कायमचे बंदर दिले आणि विरोध विरघळला. विरोधकच आता पुढचे बंधारे मागू लागले. मेरिल मात्र 1891 मध्ये गेला. 1910 मध्ये अमेरिकन काँग्रेसने संपूर्ण ओहायोवर नऊ फूट खोलीचा कायदा केला आणि 1929 च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या हस्ते काम पूर्ण झाल्याचा सोहळा झाला. तोवर नदीत पन्नासएक बंधारे उभे होते, बहुतेक फळ्यांचेच. डेव्हिस बेटाचा बंधारा तो सोहळा पाहायला नव्हता. 1922 मध्ये जवळच एम्सवर्थला पक्का बंधारा झाला आणि जुना काढून टाकण्यात आला.

या बंधाऱ्यांत फळ्यांच्या जोडीला आणखी एक दार असे, ज्याला अमेरिकन अस्वलाचा सापळा म्हणतात. ते लीहाय नदीवर जोसाया व्हाइट याने 1818-19 च्या सुमारास बनवले, तेही कोळशासाठीच. दोन पाने एकमेकांवर टेकून छप्परासारखी उभी राहतात. त्यांच्याखालच्या पोकळीत वरचे पाणी सोडले की ती वर उचलली जातात, आणि पोकळीतले पाणी बाहेर सोडले की खाली बसतात. दार उचलायची ताकद अडवलेल्या पाण्याकडूनच मिळते. ओहायोवर याचा उपयोग साठ्याची पातळी अचूक राखायला आणि तरंगता केरकचरा पुढे ढकलायला होई. पाण्यानेच पाण्याचे दार चालवायचे ही युक्ती आपल्याकडेही आली, वेगळ्या वाटेने. विश्वेश्वरय्यांनी पुण्याला असताना खडकवासल्याच्या सांडव्यासाठी स्वयंचलित दरवाजे आखले आणि 1903 मध्ये त्यांचे पेटंट झाले. भिंत न वाढवता साठा वाढवायचा आणि पाणी ठरलेल्या पातळीवर पोचले की दाराने आपण होऊन उघडायचे, ही त्यामागची दृष्टी होती. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात उघडले की आजही कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातमी येते.

ओहायोवर फळ्यांचे राज्य दुसऱ्या महायुद्धानंतर मावळले. बोटी आता डिझेलवर चालत होत्या, बार्जा पोलादी झाल्या होत्या, आणि पंधरा बार्जांचा ताफा हा नवा हिशेब झाला. आजच्या प्रमाण बार्जेचे माप 35 फूट रुंद आणि 195 फूट लांब आहे. तीन शेजारी शेजारी म्हणजे 105 फूट: मेरिलच्या 110 मध्ये बरोबर बसणारे. कोळशाची लाकडी बार्ज केव्हाच नाहीशी झाली, पण तिच्यासाठी ठरवलेल्या रुंदीने पुढच्या बार्जेचे माप ठरवले. लांबीला मात्र पाच बार्जा आणि मागे बोट, म्हणजे हजाराहून अधिक फूट लागतात. 600 फुटी लॉकमध्ये असा ताफा तोडून दोन भागांत न्यावा लागतो. म्हणून 1950च्या दशकापासून नवी लॉक 1,200 फूट लांबीची झाली आणि जुने लहान बंधारे काढून त्यांच्या जागी थोडेच, पण उंच बंधारे आले.

या नव्या बंधाऱ्यांना वक्राकार दरवाजे आहेत, कोयनेला आहेत त्याच कुळातले. विस्कॉन्सिनच्या टेंटरने 1886 मध्ये त्यांचे पेटंट घेतले. पाण्याचा सगळा रेटा दाराच्या वर्तुळाच्या केंद्रातून, म्हणजे बिजागरीतून, जात असल्याने एवढे जड दार थोड्या ताकदीने उचलता येते. माणसांचा जीव धोक्यात घालणारी बोटीवरची कसरत संपली. पण खांब आले, आणि खांबांवरून बोट जात नाही. पूर असो नसो, प्रत्येक ताफा आता लॉकमधूनच. मेरिलने कोळसावाल्यांना दिलेला शब्द या पिढीने मोडला असे म्हणता येईल. मात्र तोवर लॉक इतकी लांब झाली होती की फार कुणी कुरकुर केली नाही.

तरीही एका ठिकाणी जुनी युक्तीच शहाणी ठरली. नदीच्या अगदी खालच्या टप्प्यात, मिसिसिपीच्या जवळ, 1920च्या दशकाअखेरचे दोन फळ्यांचे बंधारे एकविसाव्या शतकापर्यंत चालू राहिले. त्यांना 52 आणि 53 क्रमांकांनीच ओळखत. इथे नदी वर्षातला बराच काळ इतकी भरलेली असते की फळ्या पाडून ठेवता येतात आणि ताफे न थांबता वरून जातात. पण लाकूड, लोखंड आणि बैठक, सगळेच जीर्ण झाले होते. 2017 च्या शरदात 52 क्रमांकाचा बंधारा नीट उभा राहीना, तेव्हा ताफ्यांच्या रांगा दिवसेंदिवस खोळंबल्या. अमेरिकेच्या आतल्या जलमार्गांवरची बरीचशी वाहतूक या एका टप्प्यातून जाते, म्हणून ती बातमी देशभर गेली.

या दोघांची जागा घेणाऱ्या ओल्मस्टेडच्या प्रकल्पाला 1988 मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा अंदाज 77 कोटी 50 लाख डॉलरांचा होता. 2018 मध्ये उद्घाटन झाले तेव्हा खर्च तीन अब्जांच्या घरात गेला होता. तीस वर्षे आणि चौपट पैसा. यातला मोठा वाटा एका निर्णयाचा होता. धरणाचा भाग नदी अडवून कोरड्यात न बांधता काठावर काँक्रीटचे अवाढव्य ठोकळे ओतायचे, खास बनवलेल्या क्रेनने उचलायचे आणि वाहत्या पाण्यात तळावर बसवायचे असे ठरले. ठोकळ्यांची वजने हजारो टनांची. ही रीत स्वस्त पडेल असे गृहीत धरले होते. ओहायोने ते गृहीत पार उलटे केले: पाण्याचा वेग, चढउतार, कामाला मिळणारे थोडे महिने. नवी रीत कमी खर्चाची ठरेल हे आकडेमोडीतून सिद्ध करणे किती सोपे असते, याचा एवढा महागडा नमुना सापडणे कठीण. या एका प्रकल्पाने जलमार्गांचा निधी इतका शोषला की इतर जुन्या लॉकची कामे वर्षानुवर्षे मागे पडली.

आणि एवढे करून ओल्मस्टेडला बसवले काय, तर 140 फळ्या. पोलादी आहेत, मोठ्या आहेत, पण बोटीवरून उचलायच्या आणि पाडायच्या. हायड्रॉलिक यंत्रांनी चालणाऱ्या फळ्यांचा विचार आधी झाला होता. चाचण्या झाल्या आणि गाळ, गंज, देखभाल यांचा हिशेब पाहून तो बाजूला पडला. शानोआनची कल्पना दीडशेहून अधिक वर्षांनी पुन्हा जिंकली. इलिनॉय नदीवरही पीओरिया आणि ला ग्रांज इथे 1930च्या दशकाअखेरचे फळ्यांचे बंधारे आहेत, आणि तिथेही भर पाण्यात ताफे वरून जातात.

या सगळ्याची किंमत नदीने दिली, तिचाही हिशेब मांडायला हवा. वाहत्या नदीच्या जागी साठ्यांची उतरंड झाली, उथळे बुडाले आणि वाहत्या पाण्यात राहणाऱ्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या कित्येक जाती ओहायोतून गेल्या. मासे बंधाऱ्यांना अडू लागले. फळ्यांचा बंधारा या बाबतीत उंच पक्क्या बंधाऱ्यापेक्षा बरा, कारण पुराच्या दिवसांत तरी नदी मोकळी असते. पण बरा म्हणजे निर्दोष नव्हे.

भारतात हा प्रश्न गंगेवर येऊन थांबला. 2014 मध्ये तेव्हाचे जहाजबांधणी मंत्री नितीन गडकरी यांनी अलाहाबाद ते हल्दिया या मार्गावर ठराविक अंतरावर बॅरेज बांधायची कल्पना मांडली. बिहारने तिला कडाडून विरोध केला, आणि कारण दिले फरक्का. 1975 मध्ये सुरू झालेल्या फरक्का बॅरेजवर लॉक आहे, बोटी जातात, पण वरच्या बाजूला गाळ साचून पूर वाढतो अशी बिहारची जुनी तक्रार आहे. पुढे जलमार्गाची योजना प्रामुख्याने गाळ उपसण्याकडे वळली. ओहायोचा अनुभव जसाच्या तसा इथे आणता येत नाही, याचे मूळ इथेच आहे. ओहायोही गढूळ होते, पण हिमालयातून उतरणाऱ्या नदीच्या गाळाशी तिची तुलना नाही. तळात झोपलेली फळी गाळाखाली गाडली गेली तर ती पुन्हा उभी कशी करणार? ज्यांना गंगेवर ओहायो उभी करायची आहे, त्यांनी आधी या एका प्रश्नाचे उत्तर आकड्यांत द्यावे.

ओहायोवर आता नवे प्रश्न आहेत. ज्या कोळशासाठी हे सारे बांधले, त्याचीच वाहतूक घटते आहे, कारण काठावरची कोळशाची वीजकेंद्रे बंद होत आहेत. तरीही पिट्सबर्गखालच्या पहिल्या तीन लॉकचे नूतनीकरण हाती घेतले आहे. एम्सवर्थ, डॅशील्ड्स आणि मॉन्टगोमरी ही ती तीन. प्रत्येक ठिकाणी 110 बाय 600 फुटांचे एक लॉक आणि शेजारी 56 बाय 360 चे एक छोटे, ज्यातून पंधरा बार्जांचा ताफा जवळजवळ सुटा करून न्यावा लागतो. सुरुवात मॉन्टगोमरीपासून होत आहे. तिथले छोटे लॉक काढून नवे बांधायचे आहे, आणि नव्याचे ठरलेले माप आहे 110 बाय 600.